विसावी डिस्क

मेहकरच्या स्टँडवर उतरले तेव्हा बेत साधा होता. दुकानात जायचं, भाभींना भेटायचं, चहा घ्यायचा आणि दुपारच्या गाडीनं अकोल्याला परत. माझे बेत कधी तडीस गेलेत म्हणून हा जाईल?

नसरीनभाभींचा फोन आला होता. "चाचाचं दुकान खाली करून राह्यलो. मोबाईलवाल्याले देलं. तुमचं काही असंन तं घेऊन जा, नाहीतं भंगारात जाईन." बशीरचाचांना जाऊन दोन वर्षं झाली. भाभी त्यांची सून. चाचांच्या फोटो स्टुडिओत मी लग्नाआधी पाच वर्षं कॉम्प्युटरवर बसत होते. माझं तिथं काय राहिलं असणार? फार तर एक छत्री. पण भाभींनी फोन ठेवल्यावर मला भाजी चिरता येईना, तेव्हाच कळलं की आपण जाणार.

शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले आणि वास आला. शाईचा गोडसर, किंचित आंबूस वास, जुन्या रबराचा, आणि भिंतीत मुरलेला गुरुवारच्या लोबानचा. भिंतीवर पडदा नव्हता, त्याच्या खिळ्यांची भोकं होती. कोपऱ्यात प्रिंटरचं खोकं, त्यावर डिस्क सरकवायचा पांढरा प्लास्टिकचा ट्रे, जिभेसारखा लांब. आणि टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा डबा. तो डबा दिसला मात्र, मी खण पायानं आत लोटला. लोक भुताला भितात, सापाला भितात. मी, दोन मुलांची आई, एका बिस्किटाच्या डब्याला भ्याले!

त्या डब्यात काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कुंकवाची पुडी, एक हळकुंड, वाळकी लाल मिरची, कपड्यांना घालायची नीळ, कापसाचं एक फुटलेलं बोंड. विड्याचं पान रोज ताजं यायचं, पानवाल्याकडून. हा आमचा रंगांचा दरबार. कॉम्प्युटरवर दिसणारा लाल वेगळा, प्रिंटर काढतो तो वेगळा आणि कागद पिऊन दाखवतो तो तिसराच. त्या तिघांचं एकमत करायचं, त्याला प्रोफाइल म्हणतात. शहरात त्यासाठी यंत्र असतं म्हणे, चौकोनावर ठेवलं की आकडे सांगणारं. आमच्याकडं यंत्र नव्हतं. आमच्याकडं चाचांचे डोळे होते आणि हा डबा होता.

चाचा प्रोफाइल म्हणतच नसत. ते म्हणत, मिजाज. "बेटा, कागद जिता असते. एखादा कागद पाणी मागते, एखादा नाही मागत. पह्यले त्याचा मिजाज पाहाचा, मंग त्याच्यावर माणसाचं तोंड छापाचं." चार बाय सहाच्या लहान कागदावर आम्ही रंगांचे चौकोन छापायचो, लाल, पिवळे, करडे, कातडीच्या रंगाचे. मग सकाळी अकराला तो कागद घेऊन दाराशी जायचं. अकराचंच ऊन लागायचं त्यांना. दहाचं पिवळं, बाराचं आंधळं, आणि ट्यूबलाइट तर चाचांच्या मते अव्वल नंबरची खोटारडी. उन्हात कागद धरायचा, शेजारी मिरची धरायची, हळकुंड धरायचं, आणि कातडीच्या चौकोनाशेजारी आपापली मनगटं. त्यांचं सावळं, माझं गव्हाळ. जिथं चुकलं असेल तिथं आत येऊन कॉम्प्युटरवर थोडं ओढायचं, पुन्हा छापायचं, पुन्हा दार. एका कागदाला चार-चार दिवस लागत. पसंत पडला की मागे पेन्सिलीनं नाव लिहीत, आणि तो मिजाज त्याच नावानं कॉम्प्युटरमध्ये जमा होई.

डिस्कचा मिजाज कागदाहून अगदीच निराळा. तेव्हा लग्नाच्या सीडीवर नवरा-नवरीचा फोटो छापून द्यायची टूम निघाली होती. डिस्कला मध्ये भोक. ते कुणाच्या तोंडावर येता कामा नये, म्हणून नवरी एका बाजूला, नवरदेव दुसऱ्या बाजूला आणि भोक अंतरपाटासारखं मध्ये. डिस्क कागदासारखी शाई पीत नाही, ती वर बसून राहते. ओली असताना लाल दिसते आणि सुकताना रंग खाली खाली जातो. म्हणून चाचांचा कायदा होता, डिस्क एक दिवस अन् एक रात सुकू द्यायची, मग अकराच्या उन्हात पाहायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. बाकी कशात त्यांनी मला कधी टोकलं नाही. या कायद्याला मात्र सूट नव्हती.

आणि कुंकू. कुंकवाबाबत चाचा फारच कडक. त्याचं कारण जुनं होतं. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या काळात लाल रंग काळा उमटायचा. नवरीच्या कपाळावर काळा ठिपका! असला फोटो कोण घरात नेईल? म्हणून चाचा बारीक ब्रशनं एकेका नवरीच्या कपाळाला लाल लावत, ते वाळल्याशिवाय फोटो दुकानाबाहेर जात नसे. "चाळीस साल मी या तालुक्यातल्या बायकाईले कुंकू लावलं," ते हसून सांगत, "माह्या हातून काळं कपाळ कधी बाहेर नाही गेलं." हे सांगताना ते हसत, पण ब्रश अजून डब्यात जपून ठेवलेला असे.

दिवाळीनंतर रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या. रुईचे तंतू उडत उडत दुकानात येत आणि नेमके ओल्या फोटोवर बसत. चाचा सुईच्या टोकानं ते उचलत आणि फुंकर मारत. बीटी बियाण्याची ती पहिली वर्षं. पाकिटावरच्या चित्रात बोंडं मुठीएवढी असत. ज्याच्या त्याच्या तोंडी बीटी. मग वावरात पानं लाल पडायला लागली. लाल्या आला म्हणत. आम्ही दुकानात लाल सापडावा म्हणून जीव टाकत होतो आणि शिवारं नको तेवढी लाल होत होती.

मग ती माणसं येऊ लागली, ज्यांच्या घरचा कर्ता फवारणीचं औषध पिऊन गेला होता. कशी ओळखू यायची? दाराशीच थांबत, चप्पल काढत. आमच्या दुकानात कुणी चप्पल काढत नसे. मग रुमालातून एक टिकलीएवढा फोटो निघायचा, कुठल्याशा ओळखपत्रावरून सोडवलेला, शिक्का अर्धा गालावर. "ह्याचा चार बाय सहा करून द्या. मदतीच्या कागदाले लावाचा हाये, अन् एक घरी ठेवाले." चाचा काही विचारत नसत. फक्त एवढंच, "रंग कसा होता जी त्यायचा?" कारण त्या फोटोत रंग उरलेलाच नसे. एक बाई मला आठवते. तिनं पदराआडच्या पोरीचा हात पुढं ओढला, बाही वर केली आणि तिचं मनगट आमच्या चौकोनांच्या कागदावर ठेवलं. "असा," म्हणाली. मी तो चौकोन पेन्सिलीनं खूण करून घेतला. ती पोरगी माझ्याकडं पाहत होती.

असे फोटो वाढत गेले तशी मी भ्यायला लागले. पुरुष एकटा फोटो काढायला आला की मी हातातलं काम टाकायची. नोकरीच्या फॉर्मसाठी आलेला असायचा बिचारा, पण मी उगाच विचारायची, "कशासाठी पाहिजे जी?" चाचा डोळे वटारत. घरी जाताना मी भरभर चालायची. आईला वाटायचं पोरीला भूक लागली.

त्याच हिवाळ्यात माझ्या रेखाताईचं लग्न झालं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, माझी एकुलती एक बहीण. जळगाव जामोदकडच्या एका गावी दिली, सातपुडा अंगणातून दिसतो अशा. सुभाषभाऊजी शेती करत, कापूस आणि थोडी संत्री. उंच, बारीक, आणि थट्टेखोर एवढे की मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाखालून माझ्याकडं पाहून त्यांनी डोळा मिचकावला. आई अजून त्याचा राग धरून आहे.

ताईच्या सासूबाईंनी पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना वाण म्हणून लग्नाची डिस्क द्यायचं ठरवलं. गावात तोवर कुणी असं केलं नव्हतं. चाचा म्हणाले, "तुह्या बहिणीच्या डिस्का माह्याकडून. नजराणा." एकवीस करायच्या, वीस सासरी, एक आमच्या आईला. संक्रांतीच्या चार दिवस आधी ताईचा दीर न्यायला आला. चाचा हिवरा आश्रमाकडं एका कार्यक्रमाच्या शूटिंगला गेलेले. दीर दोन दिवसांनी येणार होता, तो त्याच दिवशी उगवला आणि म्हणतो, अर्ध्या तासात खामगावची गाडी आहे.

आता काय सांगू? मी बसले. घाईत यादीतला कागदाचा मिजाज दाबला आणि डिस्का सरकवत गेले. एकेक बाहेर येत होती, ओली, चकचकीत, आणि ताईच्या कपाळावरचं कुंकू असं लालभडक की मी स्वतःवरच खूश. "वा रे वा!" दीर म्हणाला. आमच्या आईची डिस्क मी पहिली काढली होती, ती बाजूला ठेवली. बाकी वीस मध्ये पातळ कागद घालून, सुतळीनं बांधून त्याच्या हातात दिल्या. एक दिवस अन् एक रात. कायदा मला पाठ होता. तरी दिल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आईची डिस्क घेऊन दाराशी गेले. ताईचा चेहरा छान आला होता. शालूचा हिरवा छान. आणि कपाळावर काळा ठिपका. तपकिरी नाही, काळपट नाही. काळा. मी डिस्क पुसून पाहिली, तिरपी करून पाहिली, सावलीत नेऊन पुन्हा उन्हात आणली.  मनात एकच, ही ताई आहे. माझी ताई. आणि मी तिला हे लावलं.

चाचा आले. मी डिस्क पुढं केली. त्यांनी ती दाराशी नेली. डबा उघडला, कुंकवाची पुडी शेजारी धरली, बराच वेळ धरली. मग पुडी मिटली.

"किती गेल्या?"

"वीस."

ते स्टुलावर बसले. "या अल्ला," एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. डबा बंद करता करता म्हणाले, "शाई हाये बेटा. शाईले काय समजते कोणाचं कपाळ." पण हे सांगताना ते माझ्याकडं पाहत नव्हते. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता हो. मी बारावी सायन्स! पण त्याच टेबलावर, त्याच आठवड्यात, मी एका पोरीच्या मनगटावरून तिच्या बापाचा रंग जुळवला होता. विश्वास नसतानाही माणूस किती भितो, ते मला तेव्हा कळलं.

हातात दिवस तीन. संक्रांतीच्या दुपारी त्या डिस्का बायांच्या ओटीत पडणार. त्याआधी नव्या वीस घेऊन पोचायचं, आणि नव्या करायच्या तर डिस्कचा मिजाज आधी नीट बसवायचा, कारण शाई बदलल्यापासून जुनाही चालत नव्हता. चाचांनी खराब डिस्कांचा गठ्ठा काढला. पहिल्या दिवशी नऊ लाल छापले, फिक्क्यापासून गडदपर्यंत. आणि मग सुकायची वाट. वाट पाहण्यासारखं वाईट काम नाही. मी त्या डिस्कसमोर बसून राहायची. रंग खाली उतरताना दिसत नाही, उतरलेला दिसतो. चाचा बाहेर चहा सांगायचे, तो तसाच निवून जायचा. दुसऱ्या दिवशी अकराला दार. नऊतले सहा काळे, दोन विटकरी, एक जवळपास. त्या एकाच्या आसपास पुन्हा नऊ छापले. पुन्हा एक दिवस, एक रात. रस्त्यावरून पेपरवाला ओरडत गेला की मी कान झाकून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात चाचांनी कुंकवाची चिमूट थेट डिस्कवर ठेवली. चौकोन कुठं संपतो आणि कुंकू कुठं सुरू होतं, कळेना. "हा," ते म्हणाले. आयुष्यात मला इतकं हलकं कधी वाटलं नाही. वीस छापल्या, आईची मागाहून. त्या सुकायला संक्रांतीची पहाट उजाडली, आणि चाचांनी स्वतः येऊन मला पहिल्या गाडीत बसवलं. "काय सांगशीन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आवाज खराब हाये म्हणून सांगतो." ते मान हलवून म्हणाले, "बरं हाये. आवाज कोणाले दिसत नाही."

मेहकर ते खामगाव, खामगाव ते जळगाव जामोद, पुढं काळीपिवळी जीप. मांडीवर पुडकं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीच्या बायका, आणि मधून मधून लाल पडलेलं वावर. ताईच्या दारी पोचले तेव्हा ओसरीवर सतरंज्या अंथरून झाल्या होत्या, तिळाचा खमंग वास सुटला होता. सासूबाईंनी कोनाड्यातून पुडकं काढलं. सुतळी सोडलेली होती. 

"आवाज नाही म्हणतं? फोटो तं दिसते ना?" सासूबाई म्हणाल्या.

"फोटो दिसते, पण..."

"मंग बदलाची काय गरज वं? बायका काय आवाज ऐकून घेऊन राह्यल्या?"

मी नवं पुडकं पुढं केलं. तेवढ्यात भाऊजी बैलांना पाणी दाखवून आत आले. माझ्याकडं एकदा पाहिलं, पुडक्याकडं पाहिलं. "घे वं आई बदलून," म्हणाले. "मुका सिनेमा कोण पाहाते? लोक म्हणतीन सुभाषच्या लग्नात वाजंत्री नव्हती." सासूबाई हसल्या आणि जुनं पुडकं माझ्या हातात आलं. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी ते पाहिलंच नव्हतं, हे मला ताईनं नंतर सांगितलं.

न्हाणीत जाऊन दार लावून मोजल्या. एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकोणीस. ताईला आडून विचारलं, "ह्यातली एक कोणाले देली का वं?" "असंन कोणी नेली," ताई म्हणाली, "घर भरलं हाये पाहुण्यायनं." तिच्या कपाळावर खरं कुंकू होतं, तिळगुळ वळताना घामानं किंचित ओघळलेलं. मी ते माझ्या रुमालानं टिपलं. ती म्हणाली, "काय लाडात येऊन राह्यली?"

विसावी कुठं गेली? हा प्रश्न घेऊन मी पुढची वर्षं काढली. कुणाच्या तरी घरात, टीव्हीच्या शेजारी, माझ्या ताईचं काळं कपाळ उभं आहे, असं मला दिसत राही. ताईला फोन केला की मी आधी विचारायची, "भाऊजी कुठी हायेत?" ती चिडवायची, "तुले बहीण नको, भाऊजीच पाहिजे." फवारणीच्या दिवसांत ताईकडचा नंबर दिसला की फोन उचलायच्या आधी मी देवाचं नाव घ्यायची. चाचांनाही तेच होतं. आठवड्यातून एकदा, काहीतरी दुसरंच करत, ते विचारत, "जवाई बरे हायेत ना तुमचे?"

ताईच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्या साली लाल्यानं ताईकडचं शिवार पार खाल्लं. एका दुपारी तिचा फोन आला. "हे पहाटचे वावरात गेले. डबा नाही नेला. फोन घरीच ठेवला. तू काही बोलली होती का त्यायच्याशी?" आवाज असा की ती ताई वाटेना. मी म्हटलं, येतीन, असतीन कुठी. ठेवला फोन आणि चाचांना सांगितलं. प्रिंटरमध्ये कागद अडकून टकटक करत होता, तो कुणी काढला नाही. चाचांनी शटर अर्धं ओढलं आणि समोर बसून राहिले. हातात तसबी, मणी सरकत. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते, का ते मला माहीत नाही. दिवेलागणीला फोन वाजला. "आले," ताई म्हणाली. "काही बोलले नाही. जेवले." चाचांनी उठून शटर वर केलं. त्या दिवसाबद्दल ताईच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तर परवा तो डबा उघडला. कुंकू दगड झालं होतं. बोंड पिवळं पडलं होतं. खाली चौकोनांचे लहान कागद, आणि तळाशी सुतळीनं बांधलेल्या डिस्का. भाभी म्हणाल्या, "हे काय हाये, चाचानं मरेपर्यंत फेकू नाही देलं." सुतळीखाली चिठ्ठी होती, त्यांच्या पेन्सिलीतली. 'एकोणीस. एक बाकी.'

मी अकोल्याची गाडी सोडली आणि जळगाव जामोदची धरली.

भाऊजींचे केस पांढरे झालेत. सासूबाई आता नाहीत. ताई स्वयंपाकाला लागली तशी भाऊजी म्हणाले, "चाला मेव्हणीबाई, संत्री दाखवतो." वावरात झोपडी आहे, तुराट्यांची, वर टिनाचे पत्रे. बाजेवर बसले आणि मी डबा उघडून डिस्का पुढं केल्या. म्हटलं, आता नाही ठेववत मनात. सगळं सांगितलं. कागदाचा मिजाज, सुकणं, आवाज, एकोणीस. सांगताना रडले, अर्थातच.  मग भाऊजी उठले आणि आढ्याला हात घालून सुतळीला बांधलेलं काहीतरी खाली सोडलं.

विसावी डिस्क. वाऱ्यावर सावकाश फिरत होती.

"भाऊ घेऊन आला त्याच दिवशी सोडलं होतं म्या पुडकं," भाऊजी म्हणाले. "सांजच्याले. तवाच काळं पडलं होतं. वाटलं एकच बिघडली, म्हणून काढून घेतली. मंग खालच्या पाह्यल्या तं सगळ्याच तशा. आईनं पाह्यलं असतं तं रेखाचं जगणं मुश्कील केलं असतं. सकाळी तुमाले फोन करतो म्हटलं, तं सुचेचना काय बोलाव. अन् मंग तुम्हीच आल्या, आवाज घेऊन."

"म्हणजे तुमाले माहीत होतं?"

"तुमचं तोंडच सांगून राह्यलं होतं."

"मंग ही ठेवली काऊन? फेकली काऊन नाही?"

"बायकोचं तोंड कोण फेकते बे?" ते चटकन म्हणाले, मग जीभ चावली, कारण मेव्हणीला बे म्हणत नाहीत. "पाखरं हाकलाले टांगली होती बाहेर. उन्हानं उडून जाईन म्हणून आत आणली."

मग बाहेर संत्र्यांकडं पाहत ते बोलले. "ते लाल्याचं साल आठवते? त्या दिवशी मी अठी आलो तं घरी परत जाच्या विचारानं नव्हतो आलो. अठीच बसलो होतो, तुम्ही बसल्या तठी. हे समोर फिरत होतं. एकडाव तिचं तोंड येये, एकडाव मागून आरशासारखी बाजू येये अन् त्याच्यात माहं तोंड. ती, मी. ती, मी. अन् तिच्या कपाळावर काळं. म्हटलं, हे तं कोणीतरी पह्यलेच छापून ठेवलं. मी एक घडी पाहू नाही शकलो ते. तिले जन्मभर पाहा लागलं असतं." त्यांनी नाक शिंकरलं. "उठलो. घरी गेलो. भूक लय लागली होती."

 मी उठून डिस्क हातात धरून थांबवली. चेहरा उडून गेला होता. शालूचा हिरवा गेला होता, भाऊजींचा फेटा गेला होता. जिथं शाई सगळ्यात जास्त बसली होती तेवढंच राहिलं होतं, भोकाच्या शेजारी, काळं, शेंगदाण्याएवढं.

"ही मले द्या," मी म्हटलं. "चाचाच्या डब्यात ठेवतो. वीस पुऱ्या होतीन."

"नाही देत," भाऊजी म्हणाले. "राहू द्या एक बाकी."

तेवढ्यात बांधावरून ताईचा आवाज आला. ती आम्हाला जेवायला बोलवायला आली होती, उन्हातून भराभर चालत, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं, तसंच. भाऊजींनी झटक्यात डिस्क उलटी करून आढ्यात सारली. पण तिनं पाहिलं. "काय वं, रडून काऊन राह्यली? अन् कायची डिस्क होती ते?"

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पदरानं डोळे पुसले.

"काही नाही ताई," मी म्हटलं, "जुनी हाये. आवाज नाही त्याच्यात."